सहकर्जदार

धाराशिव, ९ जून २०२५

रिजवान,

तब्येत विचारायला हे पत्र लिहीत नाही. ती चांगलीच असेल. ज्यांच्या मागं दुसरे निस्तरत बसतात त्यांच्या तब्येती चांगल्याच राहतात. बकरी ईदला तुम्ही आला नाहीत. अम्मी दाराकडं तोंड करून जेवल्या. मी मात्र 'बरं झालं' म्हटलं, आणि ते तुमच्या आईसमोरच म्हटलं.

अम्मींकडून नंबर घेऊन फोन करणार होते. पण फोनवर तुम्ही नुसतं 'हूं, हूं' करता. कागदावर 'हूं' लिहून कुणी पाठवत नाही, म्हणून पत्र. घरात आपण दखनी बोलतो, पण शाळा दोघांची मराठी. भांडण नीट मांडायचं तर मला मराठीच लागते.

तेर रोडला महांतप्पा म्हणून उमरग्याकडचे बिल्डर आहेत. त्यांनी बारा घरं बांधलीत, एकाला एक लागून. त्यातलं शेवटचं मी धरलं. चोवीस लाख. दोन लाख इसार दिला. कुठून दिला ते विचारू नका. माझ्या गळ्याकडं बघायला तुम्ही इथं असता तर विचारावं लागलं नसतं. इसारपावतीत स्पष्ट लिहिलंय, एकतीस ऑगस्टच्या आत कर्ज मंजूर होऊन खरेदीखत झालं नाही तर इसार गेला. इकडं घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलंय. दिवाळीच्या आत खोल्या खाली करा म्हणालाय.

रमजान ईदला तुम्ही दोन तास येऊन गेलात तेव्हा कुरकुरत का होईना अम्मींनी एका कागदावर तुमच्या सह्या घेतल्या होत्या, तो हाच कर्जाचा अर्ज. माझ्या एकटीच्या पगारावर रक्कम कमी बसते. दोघांचं उत्पन्न धरलं तर वीस लाख मिळतात, म्हणून तुमचं नाव सहकर्जदार म्हणून घातलं. हौस म्हणून घातलं नाही.

शुक्रवारी बँकेत गेले. कर्जाच्या टेबलावर ज्ञानेश्वरी मॅडम म्हणून आहेत, वयानं माझ्याएवढ्याच. म्हणाल्या, "सिस्टर, तुमचा स्कोअर सातशे ऐंशी. एक हप्ता चुकलेला नाही कधी. फार छान." मग तुमचं नाव टाकलं. स्क्रीन माझ्याकडं वळवली. पाचशे एक्केचाळीस.

"म्हणजे नापास?" मी विचारलं.

"म्हणजे या नावासकट अर्ज पुढं जाणार नाही. मिस्टरांनी काही कर्जं थकवलीत. एक तर बुडीत खात्यात गेलंय."

हळू बोलल्या त्या. पण मागं आमच्या केंद्राचा शिपाई पासबुक भरायला उभा होता, आणि त्याचे कान हळू ऐकायला फार तयार आहेत. रिजवान, सोळा वर्षं मी खेडोपाडी लस टोचत हिंडले. एस.टी.त उभ्यानं प्रवास केला. कुणाचा रुपया ठेवला नाही. आणि त्या टेबलासमोर माझी मान खाली गेली ती तुमच्यामुळं.

कोणती कर्जं, कशासाठी, किती उरलीत, सगळं लिहून पाठवा. मला कारणं नकोत, यादी पाहिजे.

अनिसा


तेर, २६ जून २०२५

रिजवान,

तुमचं पत्र आलं. त्याला पत्र म्हणायचं तर. "तू एकटीच्या नावावर घे. माझं नाव काढून टाक. अम्मीच्या गोळ्या संपल्या असतील. युसराला सलाम." यात यादी कुठं आहे? मी विचारलं काय आणि तुम्ही सांगता काय! अम्मींच्या गोळ्या मी आणते. तुमचा सलाम युसराला दिला. ती म्हणाली, "ठीक आहे." सातवीतली पोर ती. 'ठीक आहे' म्हणायची वेळ तिच्यावर का यावी?

यादी तुम्ही दिली नाहीत, ती बँकेनंच दिली. अर्ज परत करताना मॅडमनी तुमच्या अहवालाचे कागद सोबत लावले. आत्ता दुपारची ओपीडी संपली आहे आणि ते माझ्यासमोर आहेत. एक मोबाईल, हप्त्यावर घेतलेला, थकलेला. दोन छोटी कर्जं, फोनवरच्या कुठल्यातरी अ‍ॅपची. आणि चौथं कर्ज वाहनाचं, तीनचाकी टेम्पो, फेब्रुवारी २०२१. बुडीत आहे ते हेच.

आता तुम्हीच सांगा. तेव्हा पार्ट्सच्या दुकानात काउंटरवर उभ्या राहणाऱ्या माणसाला टेम्पो कशाला लागला? तुम्हाला सायकलच्या पुढं काही चालवता येत नाही. लग्नानंतर शेजाऱ्यांच्या मोटरसायकलवर मला बसवून रामलिंगला नेलंत आणि येडशीच्या फाटकाजवळ दोघंही पडलो. मग हा टेम्पो कुणाचा?

मी विचारतेय. उत्तर द्या.

एकटीच्या नावावर घे म्हणता. तेही विचारून आले. एकटीला सोळा लाख मिळतात. माझ्याकडं भिशीचे आणि साठवलेले मिळून दोन आहेत, दोन इसारात गेले. चार कमी पडतात. ते चाकणच्या गोदामातल्या पगारातून पाठवणार आहात का?

तुम्हाला घराबाहेर काढलं म्हणून तुम्ही मनात धरून बसलाय, हे मला माहीत आहे. तर तेही एकदा लिहूनच टाकते. तो गेल्या वर्षीच्या एप्रिलमधला बुधवार होता, लसीकरणाचा दिवस. उपकेंद्रात तीस-पस्तीस बाया लेकरं घेऊन बसलेल्या. माझ्या एका हातात सुई, दुसऱ्या हातानं बाळाच्या मांडीचं मांस धरलेलं. फायनान्सचे दोघे जण आत आले आणि चपला न काढता टेबलाजवळ उभे राहून म्हणाले, "रिजवान शेखची बायको कोण? नवरा फोन उचलत न्हाय. पगार तर सरकारी हाय तुमचा, मग भरा की." सगळ्या बायांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या सुनांची बाळंतपणं मी केली आहेत. मी म्हणाले, "तो माणूस माझा कुणी लागत नाही." मग बाळाला सुई टोचली. हात हलला नाही माझा, त्याची मला नंतर भीती वाटली.

त्या संध्याकाळी मी तुमचे कपडे पिशवीत भरले. अम्मी मधे पडल्या. मी त्यांना म्हणाले, "तुमचा मुलगा बुडव्या आहे, ठेवायचा तर तुम्हीपण त्याच्याबरोबर जा." तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. पिशवी उचलली आणि गेलात. आई माझ्याकडंच राहिली. बघा, तिनंसुद्धा कुणाला निवडलं ते.

टेम्पो कुणाचा ते लिहा.

अनिसा


धाराशिव, १५ जुलै २०२५

रिजवान,

तुमचं उत्तर आलं नाही. म्हणून रविवारी मी ईटला गेले, माहेरी.

तुम्हाला आता कळलंच असेल मला काय कळलं ते. अरफातनं मी निघाल्याबरोबर तुम्हाला फोन लावला असणार. तुमचा नवा नंबर माझ्या भावाकडं आहे, माझ्याकडं नाही. तरी जे झालं ते माझ्या तोंडून ऐका.

अरफात खव्याच्या भट्टीवर होता. कढईत उलथणं फिरवत होता. मी अहवालाचा कागद त्याच्यासमोर धरला.

"हा टेम्पो तुझा?"

त्यानं कागदाकडं बघितलंच नाही. "आपा, चहा घे आधी."

"अरफात, टेम्पो तुझा का?"

"व्हय. बार्शीला खवा न्यायला घेतला होता. मला कुणी कर्ज देत नव्हतं, माझ्याकडं कागदच न्हवते. दुल्हाभाई म्हणले, माझ्या नावावर घे, हप्ते तू भर."

"मग?"

"भरले की वर्षभर. मग धंदा बसला. मग दुल्हाभाईच भरत होते."

"कशातून भरत होते?"

तो पुन्हा उलथणं फिरवायला लागला. माझं मला कळलं. मोबाईल घेऊन विकला, त्यातून दोन हप्ते. फोनवरची कर्जं घेतली, त्यातून चार-पाच. तुमच्या पार्ट्सच्या दुकानाचा पगार किती, तो मला माहीत आहे. शेवटी फायनान्सवाल्यांनी येडशीच्या नाक्यावर टेम्पो धरला आणि लिलावात कवडीमोलानं विकला. राहिलेलं सगळं तुमच्या नावावर.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"दुल्हाभाईनं शपथ घातली होती. म्हणले, तिचं माहेर म्हणजे तिचा अभिमान हाय. तेवढा राहू दे."

मागं अब्बा बाजेवर बसले होते. मी त्यांच्याकडं वळले. अब्बांना सगळं ठाऊक होतं! माझे वडील, खाजामियाँ, ज्यांच्या शब्दावर गावात दोन भावांची वाटणी होते, ते खाली बघून म्हणाले, "अनिसा, जावई सोन्यासारखा हाय तुजा. असा मानूस मिळत न्हाय."

"अब्बा, त्या सोन्याला मी सव्वा वर्षापूर्वी घरातून हाकललं. तुम्ही दोघं ईदला येऊन माझ्याकडं शीरखुर्मा पिऊन गेलात. तेव्हा तोंडात काय होतं?"

मग मला आणखी एक कळलं. भट्टीमागं, भूमच्या रस्त्याला, अरफातनं प्लॉट घेतलाय. दोन वर्षांपूर्वी. म्हणजे हप्ते थकले होते तेव्हा. त्याच्याच बायकोच्या तोंडून सुटलं. "धंदा बसला" म्हणे! मी उलथणं हिसकावलं त्याच्या हातातून. मारलं नाही. खवा मात्र करपला, एका घाण्याचा सगळा.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, आता ही माफी मागणार.

नाही.

तुम्हाला काय वाटलं, तुम्ही माझा अभिमान राखलात? बँकेत राहिला का तो? लसीकरणाच्या दिवशी राहिला का? तुम्ही मोठे झालात. अब्बांच्या नजरेत सोनं, अरफातच्या नजरेत देव. आणि मी कोण? नवऱ्याला हाकलणारी. सगळ्यांना खरं माहीत होतं, मला सोडून. भावानं बुडवलं त्यापेक्षा हे मला जास्त लागलं. तो चोर आहे, चोराचं चोरासारखं बघता येतं. तुमचं काय करायचं? चांगुलपणानं मुस्कटात मारलेल्याची कुठं तक्रार करायची?

आता एक गोष्ट. ती मी लिहिणार नव्हते. तीन वेळा पेन खाली ठेवलं.

२०२१ च्या उन्हाळ्यात युसराचा जन्मदाखला शोधताना तुमच्या फाईलमध्ये मला गाडीचं आर.सी. बुक दिसलं होतं. तीनचाकी. मालकाचं नाव रिजवान शेख. त्याच आठवड्यात अरफात नवा टेम्पो घेऊन दाराशी आला होता आणि म्हणाला होता, अब्बांनी घेऊन दिला. मी नंबर जुळवला नाही. खाली दारातच उभा होता टेम्पो, खिडकीतून दिसला असता. मी फाईल बंद केली आणि खिडकीकडं गेले नाही.

का, ते मलाही ठाऊक आहे. विचारलं असतं तर माहेरचं उघडं पडलं असतं. तेव्हा गप्प बसणं सोयीचं होतं. नंतर तुम्हाला बुडव्या म्हणणं सोयीचं झालं.

हे लिहिलं म्हणून आपण दोघं सारखे होत नाही. पण लिहिलं.

अनिसा


धाराशिव, ३ ऑगस्ट २०२५

रिजवान,

तुमचं दोन पानी पत्र मिळालं. त्यात नऊ वेळा "जाऊ दे" आहे. मी मोजले. 'अरफात लहान आहे, जाऊ दे.' तो बत्तीसचा आहे. 'झालं ते झालं, जाऊ दे.' काय झालं? माझा इसार अठ्ठावीस दिवसांनी बुडेल. मी काहीही जाऊ देणार नाही.

केलं ते सांगते. माझी आई गेली, तिच्या नावची साडेचार एकर जमीन आहे. दोन वर्षांपासून अब्बा मला हक्कसोडपत्रावर सही कर म्हणत होते, म्हणजे जमीन सगळी अरफातच्या नावानं होईल. मी करणारच होते. बहिणी करतातच. आता मी त्यांना निरोप पाठवला की सही होणार नाही. शरीयतनं माझा चौथा हिस्सा आहे, तो मोजून द्या.

आठवड्यात दोघं इथं हजर. अम्मींनी पाणीसुद्धा विचारलं नाही त्यांना. हे मी अम्मींच्या बाजूनं लिहून ठेवते.

अरफात म्हणाला, "आपा, माहेर तोडतीस का जमिनीसाठी?"

मी म्हणाले, "माहेर तू टेम्पोत घालून विकलंस. मी नुसता हिशेब मागतेय."

अब्बा म्हणाले, "काय पायजे तुला? एकदाच बोल."

मी एकदाच बोलले. टेम्पोची आणि त्यापायी झालेली सगळी थकबाकी अरफातनं भरायची. तिचा बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असा कागद, माझ्या हातात पडला की मी हक्कसोडपत्रावर सही करीन. त्याच्या आधी नाही. आणि प्लॉट आत्ता विकायचा.

प्लॉट ज्याला पाहिजे होता तो शेजारीच निघाला. चार लाख आले. काल अब्बा एकटेच घेऊन आले, शेल्याच्या गाठीत. टेबलावर ठेवून म्हणाले, "यवढंच हाय आत्ता. जावयाचं फेड न्हायतर घराचं भर. दोन्ही हुनार न्हाय. तूच ठरव." चहा न घेता गेले. जिन्यावर कठडा धरून उतरताना मी त्यांना बघितलं. मदतीला गेले नाही.

आज रविवार, तरी ज्ञानेश्वरी मॅडमना फोन केला. विचारलं, नवऱ्याचं सगळं आज भरलं तर त्यांचं नाव लागेल का?

"भरलं तरी स्कोअर सुधारायला वर्ष तरी जातं, सिस्टर. बुडीतचा शेरा तर लगेच जात नाहीच. पण भरलं नाही तर मात्र त्यांना कुठंच काही मिळणार नाही, हेही खरं. आणि वसुलीवाले त्यांच्या मागं राहतील."

मग म्हणाल्या, "तुम्ही एकट्या अर्ज करत असाल तर उद्याच पाठवा. तारीख जवळ आलीय."

अम्मींना विचारलं. त्या व्याजावर घर घेण्याच्याच विरोधात आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. "सूद का घर हय, बरकत नै होती," हे पहिल्या दिवसापासून. काल मात्र तसबीहची माळ फिरवत बसल्या आणि म्हणाल्या, "किराये के घर में भी कायकी बरकत थी?" मग उठून पोळ्या लाटायला गेल्या. आता याचा अर्थ काय घ्यायचा?

तुम्हाला विचारत नाही. विचारलं तर तुम्ही म्हणाल, घराचं भर. तुम्ही नेहमी तेच म्हणता आणि मग सोनं होऊन बसता. या वेळी ते तुम्हाला मिळू देणार नाही. जे करीन ते माझ्या नावावर राहील.

अनिसा


धाराशिव, ३० ऑगस्ट २०२५

रिजवान,

परवा, गुरुवारी, खरेदीखत झालं. मंजुरीचं पत्र पंचवीसला आलं. महांतप्पांचे शेवटपर्यंत फोन. "सिस्टर, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं हाय बघा." त्यांना म्हटलं, त्याला उभं राहू द्या, पाय दुखले की बसेल.

नोंदणीच्या कचेरीत कारकुनानं विचारलं, "पतीचं नाव खरेदीदारात घालायचं का? बाईच्या एकटीच्या नावानं असलं तर मुद्रांकात सवलत हाय, पर बऱ्याच जनी घालतात." मागं बाकड्यावर अम्मी बसल्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "घालायचं नाही." मग अंगठे, फोटो. फोटो वाईट आलाय, डोळे मोठे केल्यासारखे.

चार लाख त्यात गेले. सगळे. तुमच्या थकबाकीतला एक रुपया मी भरला नाही. ते पैसे कुणाचे होते हे मला नीट माहीत आहे. अरफात तुमचं देणं लागत होता. ते पैसे तुमचे होते, रिजवान. तुमच्या पैशानं मी माझ्या एकटीच्या नावावर घर घेतलं. तुमचा स्कोअर आहे तिथंच आहे. तुम्हाला उद्या साधा फ्रिज हप्त्यावर मिळणार नाही. गोदामाच्या फाटकाशी कुणी वसुलीला येऊन उभं राहिलं तर ते माझ्या निवडीमुळं असेल.

अरफात पहिल्या तारखेपासून दर महिन्याला भरणार आहे. कागदावर लिहून घेतलंय, अब्बांच्या सहीनं. त्याला तीन वर्षं लागतील. तोवर जमिनीवर माझा हक्क आहे तसा राहील, आणि माहेरी मला कुणी चहा विचारणार नाही. चालेल.

तुम्ही अम्मींकडं निरोप दिलात की सामान हलवायला येऊ का. नका येऊ. सामान हलवायला दोन हमाल पुरतात.

एप्रिलमधल्या त्या बुधवारी मी जे बोलले ते खोटं होतं. उपकेंद्रात बोलले ते, आणि अम्मींसमोर बोलले तेही. दोन्ही परत घेते. तेरमध्ये मागच्या लसीकरणाला ज्या बाया होत्या त्यांच्यासमोर मी सांगितलंय की कर्ज माझ्या भावाचं होतं, नवऱ्याचं नव्हतं. त्यांना त्यात फारसं काही वाटलं नाही. एकीनं विचारलं, लस दिल्यावर बाळाला ताप येईल का? बस्स, एवढंच.

पण घराचं परत घेत नाही. ते मी रागाच्या भरात केलं नाही. एक रात्र झोपून उठून, डबा करून, युसराला शाळेत सोडून मग केलं. परत वेळ आली तर परत तेच करीन. मला दर अकरा महिन्यांनी कुणाच्या दारात करार घेऊन उभं राहायचं नाही, ना पोरीला राहू द्यायचं आहे.

आता तुमची पाळी. यावर "जाऊ दे" लिहून पाठवलंत तर ते पत्र मी पाकीट न फोडता परत करीन. तुमचं माझ्याकडून नुकसान झालंय. खरं नुकसान. चिडा. एक सुट्टी काढा, इथं या, अम्मींच्या समोर, युसराच्या समोर, भिंतीला भिंत लागून आहे त्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं माझ्याशी भांडा. 'माझे पैसे होते' म्हणा. 'मला विचारलं का नाहीस' म्हणा. अठरा वर्षांत तुमचा चढलेला आवाज मी ऐकलेला नाही. तो कसा आहे ते मला ठाऊक नाही आणि ज्याचा आवाज ठाऊक नाही त्याच्याबरोबर मी आता राहू शकत नाही.

ते भांडण झालं, की मग तुम्ही राहायचं का जायचं, ते बोलू.

अनिसा